दुखलं तर हात वर करा

दाताच्या डॉक्टरांना बोलायला फार आवडायचं, आणि धंदाही असा मिळाला होता की त्यांना मध्ये कुणी तोडत नसे. खुर्ची मागे झुकवायची, दिवा खाली ओढायचा, पेशंटच्या गालात कापसाचे बोळे ठेवायचे, की डॉक्टर सुरू. मुलीची शाळा काय म्हणते? नव्या पुलावरून गेलात का? यंदा उकाडा जरा जास्तच आहे, नाही? पेशंट म्हणायचा, "आं." डॉक्टर म्हणायचे, "अगदी माझ्या मनातलं बोललात." वर्षानुवर्षं अशा गप्पा मारून आपल्याला लोकांशी छान बोलता येतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती.

दुर्दैवानं त्यांच्या पक्षाचीही तीच समजूत झाली.

पक्ष छोटासा होता. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं आणि पक्षाच्या बैठका तिथल्या विकायच्या सोफ्यांवर, प्लॅस्टिक न काढता व्हायच्या. त्यामुळे कुणी जरा तावातावानं हलून बोललं की बुडाखालून चर्रर्र आवाज यायचा आणि मुद्द्याचं गांभीर्य जायचं. पक्षाचे नेहमीचे प्रवक्ते घरातला पंखा पुसताना शिडीवरून पडले आणि पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसले. नेमका त्याच आठवड्यात नगरपालिकेनं शहरातला जुना सार्वजनिक पोहण्याचा तलाव पाडून तिथे चार मजली पार्किंग बांधायचं काढलं. चॅनेलचा फोन आला, आठच्या चर्चेला तुमच्याकडून कोण?

"डॉक्टर, तुम्हीच जा," अध्यक्ष म्हणाले. "इतकं गोड बोलणारं आपल्यात दुसरं आहे कोण?"

डॉक्टरांनी कसून तयारी केली. कुठल्या कुठल्या शाळांची मुलं तिथे पोहायला शिकतात, गळती नेमकी कुठे आहे, दुरुस्तीला काय लागेल, सगळं पाठ. बायकोनं निळा शर्ट कडक इस्त्री करून दिला. चॅनेलच्या एका कोंदट खोलीत कॅमेऱ्यासमोर त्यांना एकट्यालाच बसवलं आणि कानात ऐकायचं यंत्र खुपसलं. बाकीचे पाहुणे आपापल्या ठिकाणाहून बोलणार होते. पडद्यावर चार चौकटी दिसायच्या, आणि त्यातल्या एकीत होता तोफ.

त्याचं खरं नाव क्वचितच कुणी घ्यायचं. सत्ताधारी पक्षाचा हा प्रवक्ता बोलायला लागला की घराघरांत माणसं रिमोट शोधायची, त्यामुळे सगळं शहर त्याला तोफ म्हणायचं आणि त्यालाही ते आवडायचं. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं नाही, हा त्याचा नियम. समोरचा श्वास घ्यायला थांबला की हा घुसायचा, आणि समोरचा श्वास घ्यायला थांबलाच नाही तरीही घुसायचा.

"डॉक्टर, तलाव कशासाठी वाचवायचा?" सूत्रसंचालिकेनं विचारलं.

"मला असं वाटतं की…" डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला वाटून काय होतंय!" तोफ धडाडला. "लोकांना गाड्या लावायला जागा नाही आणि हे पोहायला निघालेत! हे आहेत कोण? दाताचे डॉक्टर? अहो, तुमचा पक्ष म्हणजे कापसाचा बोळा आहे, बोळा! तोंडात असला काय, नसला काय!"

चौथ्या चौकटीतले राजकीय विश्लेषक खदाखदा हसले. डॉक्टर म्हणाले, "माझं म्हणणं एवढंच…" मग म्हणाले, "मला जरा…" त्यानंतर जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्यावर विश्लेषक आणि तोफ एकमेकांवर ओरडले, त्या दोघांवर सूत्रसंचालिका बाई ओरडल्या, आणि डॉक्टर कार्यक्रम संपेपर्यंत मान डोलवत राहिले, कारण पेशंट ओरडत असला की मान डोलवायची त्यांना सवय होती.

घरी आले तर आई टीव्हीसमोरच बसली होती.

"छान दिसत होतास," ती म्हणाली.

"आणि बोललो कसा?"

आईनं जरा विचार केला. "शर्ट फार छान दिसत होता."

पुढचे दोन दिवस दवाखान्यात येणारा प्रत्येक जण डॉक्टरांचं सांत्वन करत होता. ज्यांच्या दाढा ठणकत होत्या तेसुद्धा आधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे. डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्या सिस्टर तशा कमी बोलणाऱ्या, पण कापूस हवा असला की त्या आता "बोळा" न म्हणता "ते पांढरं" म्हणायला लागल्या होत्या, आणि त्याचंच डॉक्टरांना जास्त लागायचं.

अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "पुढच्या आठवड्यात पुन्हा चर्चा आहे. या वेळी सगळे स्टुडिओत, समोरासमोर. तुम्हाला ओरडता येतं का हो?"

"लहानपणी येत होतं," डॉक्टर म्हणाले.

"मग ते आठवा."

तेव्हापासून घरात जेवणाच्या टेबलावर तालीम सुरू झाली. बायको झाली तोफ, आई झाली सूत्रसंचालिका. बायको एका शाळेत खेळ शिकवायची, भर मैदानात पोरांना हाका मारून तिचा आवाज असा तयार झाला होता की समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, सगळं ठीक आहे ना? डॉक्टरांनी सुरुवातीला "माफ करा, पण मध्ये बोलतोय" असं म्हणून पाहिलं. बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, मध्ये बोलायचं तर माफी कसली मागताय? घुसा!" मग ते घुसायला शिकले. इतके शिकले, की एका सकाळी खुर्चीत पडलेल्या बाईंनी नळी घशात लागल्यामुळे "अॅ" असा आवाज काढला आणि डॉक्टर कडाडले, "मध्ये बोलू नका! तुमची वेळ संपलेली आहे!"

बाईंनी डोळे विस्फारले. सिस्टरांनी "ते पांढरं" खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, जरा पाणी प्या."

चर्चेच्या आदल्या दिवशी, दुपारी, वेळ न ठरवता एक जोडपं दवाखान्यात आलं. नवरा गालाला रुमाल धरून दारातच घुटमळत होता आणि बायको त्याला दंडाला धरून आत ओढत होती. रुमाल खाली आला आणि सिस्टर जागच्या जागी थांबल्या. डाव्या गालावर सूज होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण माणूस तोच.

"आमचे नेहमीचे डॉक्टर परगावी गेलेत," बायको म्हणाली. "दोन रात्री यांचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, पण यायला तयारच नाहीत. भितात हो."

"मी भीत नाही," तोफ इतक्या हळू म्हणाला, की सिस्टरांना पुन्हा विचारावं लागलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. तोफेनं डॉक्टरांकडे पाहिलं. त्याच्या नजरेत ओळखीची खूणसुद्धा नव्हती. ज्या माणसाला अख्ख्या शहरासमोर बोळा म्हटलं, त्याच्या चौकटीकडे त्यानं त्या दिवशी एकदाही पाहिलं नव्हतं. बोळा म्हटल्याचं डॉक्टरांना जेवढं लागलं होतं, त्यापेक्षा हे जास्त लागलं. पण गालावरची सूज खरी होती. ते म्हणाले, "बसा."

खालची डावी दाढ आतपर्यंत किडली होती, नस पार बिघडली होती. रूट कॅनाल करावं लागणार होतं, आणि आजच सुरुवात केली नाही तर आजची रात्रही तशीच गेली असती. तोफेनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले.

"फार दुखेल का हो?"

"भूल देतो. त्यातूनही दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन. माझ्या खुर्चीत हात वर झाला की हत्यार बाहेर. हा इथला कायदा आहे."

भूल दिली. अर्धा ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली. गालात बोळे गेले, नळी लागली, तोंड उघडं राहिलं. सिस्टरांनी डॉक्टरांकडे असं काही पाहिलं, की त्या नजरेत संपूर्ण भाषण होतं. आणि डॉक्टरांनी, अगदी सवयीनं, गप्पा सुरू केल्या.

"या खिडकीतून मागचा पोहण्याचा तलाव दिसतो, बरं का. पाडायचं म्हणतायत. तुम्ही ऐकलं असेलच."

"आं," तोफ म्हणाला.

"सकाळी बघा कधी येऊन. आधी शाळेची पोरं असतात. ती गेली की म्हाताऱ्या बायका येतात. गुडघे गेलेल्या. त्या पोहत नाहीत, नुसत्या पाण्यातून चालतात, एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत. पाण्यात वजन लागत नाही ना. रस्त्यावर ज्यांना काठी लागते, त्या तिथे आपल्या गप्पा मारत चालतात. पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर त्यांनी काय करायचं?"

तोफेचा डावा हात वर झाला.

ड्रिल तत्क्षणी थांबलं, नळी बाहेर आली. "दुखलं?"

तोफेनं मान हलवली, बोळे काढले, चूळ भरली आणि लुळ्या जिभेनं बोलायला लागला. "शाहेब, तशं नाही. माजे वडील तलावाजवळच्या बाजालाच्या गल्लीत लाहतात. त्यांना चक्कल आली. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. अँब्युलन्श आतच येईना. खुल्चीवल बशवून, उचलून, मोठ्या लस्त्यापल्यंत नेलं आम्ही. मी पुढे, शेजालचा मागे. आनि वडील मला म्हनतात, बाळ, दमलाश का ले?"

डॉक्टर हातात ड्रिल धरून ऐकत राहिले. पेशंट बोलत असताना दुसरं काही करताच येत नाही. त्यांनी इतका अभ्यास केला होता, पण त्या गल्लीत अँब्युलन्स शिरत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आता कसे आहेत वडील?"

"बले आहेत."

"बरं झालं. आ करा."

मग असंच चाललं. डॉक्टर काम करत करत एक मुद्दा मांडायचे, हात वर व्हायचा, हत्यार बाहेर यायचं, चूळ भरली जायची आणि लुळ्या जिभेतून उत्तर यायचं. कधी डॉक्टरांना ते पटायचं, कधी नाही. गाड्या तलावाच्या जागीच कशाला लावायच्या, मागे नगरपालिकेची भंगाराची शेड पडून आहे, असं ते म्हणाले तेव्हा हात अर्धाच वर आला आणि विचार करून खाली गेला. सिस्टर नळी घालून, काढून वैतागल्या होत्या, पण त्यांनीही मध्ये विचारलं, "शेडची जागा पुरेल का?" आणि दोघांनीही त्यांच्याकडे आदरानं पाहिलं.

काम संपत आलं तेव्हा बायको बाहेरून आत डोकावली. "अहो, झालं का? आणि तुम्ही ओळखलंत ना यांना? हेच ते डॉक्टर. टीव्हीवरचे. ज्यांना तुम्ही त्या दिवशी बोळा म्हणालात."

तोफेच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तोंड उघडं, आत दोन हत्यारं, वर दिवा, आणि दिव्याच्या मागे तो माणूस. त्याचे डोळे डॉक्टरांच्या हातांवर खिळले. मग हळूहळू, शरण आल्यासारखे, त्याचे दोन्ही हात वर गेले.

"दोन्ही नकोत," डॉक्टर म्हणाले. "झालंच आहे."

तात्पुरतं सिमेंट भरून खुर्ची सरळ केली. तोफेनं गाल चाचपला. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिथे शांतता होती, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्या तुमच्याकडून कोन येनाल आहे?" त्यानं खाली बघत विचारलं.

"मीच."

"अलेले," तोफ म्हणाला.

आणि नेमकं इथेच डॉक्टर घसरले. औषधं लिहून देताना, मान वर न करता, ते सहज म्हणाले, "मऊ खायचं, या बाजूनं चावायचं नाही. आणि आठ दिवस मोठ्यानं बोलायचं नाही. आवाज चढवला की दाढेवर दाब येतो."

सिस्टरांच्या हातातला ट्रे वाजला.

"हा डॉक्टलांचा शल्ला आहे की पक्षाचा?" तोफेनं विचारलं.

"डॉक्टरांचा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायकोनं टाळीच दिली. "वा! तोफेच्या तोंडात बोळा! अहो, तुम्ही तर राजकारणात मुरलात!" डॉक्टरही हसले. आई मात्र घास हातात धरून बसली होती.

"ओरडलं की दाढेवर दाब येतो, हे खरं का रे?"

"तसं… म्हणजे… नाही येत."

"मग त्याला तसं का सांगितलंस?"

"आई, तो राजकारणाचा भाग आहे."

"अस्सं," आई म्हणाली. तिनं घास खाल्ला, पाणी प्यायली, आणि मग शांतपणे विचारलं, "मग माझी दाढ भरलीस तेव्हा गोड कमी खा म्हणाला होतास, ते खरं होतं की तोही कशाचा भाग होता?"

"आई! ते खरं होतं!"

"कोण जाणे बाबा," आई म्हणाली. "इतकी वर्षं मी चॉकलेटला हात लावलेला नाही." आणि उठून फ्रिजकडे गेली.

डॉक्टरांना जेवण गेलं नाही. राजकारणात माणूस खोटं बोलतो हे त्यांनी गृहीत धरलेलं होतं. पण खुर्चीत आडवा पडून, तोंड उघडून, डोळे मिटून ज्यानं आपल्यावर भरवसा टाकला, त्याच्याशी खोटं बोललो, हे काही केल्या घशाखाली उतरेना. शिवाय फ्रिजचं दार पुन्हा एकदा वाजलं होतं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्यांनी तोफेला फोन लावला.

"दाढ कशी आहे?"

"झोपलो हो," तोफ कुजबुजला. "पहिल्यांदा शांत झोप लागली. तुम्ही सांगितलंत तसा हळूच बोलतोय. बायको खूश आहे."

"त्यासाठीच फोन केला. मी काल चुकीचं सांगितलं. मोठ्यानं बोलल्यानं दाढेला काहीही होत नाही. बाकीचं सगळं खरं आहे, तेवढंच खोटं होतं."



"म्हणजे मी ओरडू शकतो?"

"हो."

"आज संध्याकाळी?"

"हो."

"मग हे मला कशाला सांगताय?"

"तुम्ही माझे पेशंट आहात."

"बरं," तोफ म्हणाला आणि फोन ठेवला. तो 'बरं' कुजबुजीतला नव्हता, चांगला खणखणीत होता.

अध्यक्षांना हे कळलं तेव्हा ते सोफ्यावरून उठले आणि प्लॅस्टिक मोठ्यानं किंचाळलं. "डॉक्टर, बंद पडलेल्या तोफेत तुम्ही आपल्या हातानं दारू भरून दिलीत!"

संध्याकाळी स्टुडिओत सगळे एका मोठ्या वाटोळ्या टेबलाभोवती बसले. तोफ डॉक्टरांच्या बरोबर समोर. त्याची सूज उतरली होती आणि गालावर पावडर होती. त्यानं डॉक्टरांना नमस्कार केला नाही. लाल दिवा लागला, बाईंनी त्याला पहिला प्रश्न टाकला आणि तोफ सुटली. विकास, गाड्या, रोजगार, विरोधकांची कोती बुद्धी! टेबलावरचे पाण्याचे ग्लास थरथरले. शिकलेलं सगळं घुसणं ते विसरले.

"डॉक्टर?" बाई म्हणाल्या.

"सकाळी शाळेची मुलं गेल्यावर," डॉक्टर हळूच म्हणाले, "तलावावर म्हाताऱ्या बायका येतात…"

तोफेनं तोंड उघडलं. सगळ्या स्टुडिओनं अंग आवळून घेतलं. विश्लेषक हसायच्या तयारीत होते. तोफेनं ते तोंड पुन्हा मिटलं, जरा चुळबुळ केली, आणि डावा हात वर केला.

डॉक्टर वाक्याच्या मधोमध थांबले. थांबायचं असं त्यांनी ठरवलंच नव्हतं, हातच थांबले आणि हातांबरोबर तोंडही. इतक्या वर्षांची सवय. "दुखतंय का?" त्यांनी काळजीनं विचारलं. शहरभर ते ऐकू गेलं.

"नाही नाही," तोफ म्हणाला. "मुद्दा आहे."

"मग बोला ना."

"तुमचं आधी होऊ द्या. मी फक्त सांगून ठेवलं."

बाईंच्या कानात निर्माता ओरडत असावा, कारण त्यांनी एकदम कान धरला. "एक मिनिट, एक मिनिट! हे चाललंय काय? डॉक्टर, मागच्या आठवड्यात यांनी तुमच्या पक्षाला कापसाचा बोळा म्हटलं होतं! तुमचा अपमान झाला नाही?"

"झाला," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुमचं काय म्हणणं आहे यावर?" बाई तोफेकडे वळल्या.

"म्हटलं होतं खरं," तोफ म्हणाला. "तेव्हा बोळा किती कामाचा असतो हे मला माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो."

यानंतर जे झालं ते त्या चॅनेलवर पूर्वी कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी म्हाताऱ्या बायकांचं सांगितलं. तोफेनं वडिलांना खुर्चीवर बसवून नेल्याचं सांगितलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज इतका खाली आला की कॅमेरावाल्यानं मान पुढे काढली. भंगाराच्या शेडची जागा निघाली. विश्लेषक मध्ये घुसायला गेले तेव्हा दोघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनीही बिचकत हात वर केला, आणि आपली पाळी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे मुद्दाच नाही. शेवटी राहवलं नाही म्हणून बाई स्वतःच ओरडायला लागल्या, "अहो, भांडा की! लोक बघतायत!" त्यावर टेबलाभोवतीचे तीन डावे हात एकदम वर गेले.

घरी आई सोफ्याच्या कडेला येऊन बसली होती. "आज कळलं बाई भांडण कशाचं होतं ते," ती म्हणाली. शर्टाबद्दल ती काही बोललीच नाही.

अर्थात, सगळ्यांना एवढा आनंद झाला नाही. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही विरोधकांचं अर्धं म्हणणं मान्य केलंत. तिकडे तोफेला त्याच्या नेत्यांनी हेच सुनावलं. चॅनेलनं दोघांचीही नावं यादीतून काढली. त्या कार्यक्रमात लोक शेवटपर्यंत थांबले होते, पण कुणी कुणाला काय सुनावलं याची तुकड्या तुकड्यांची चित्रफीत करून पसरवण्यासारखं त्यात काही निघालंच नाही. नगरपालिकेनं मात्र दोघांनाही तलावाच्या समितीवर घेतलं, कारण शेडबद्दल बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. समितीच्या बैठका रटाळ असायच्या. नकाशे, पाइप, परवानग्या. दोघं भांडायचे तिथेही. एकदा तर तोफ टेबलावर मूठ आपटून निघून गेला आणि छत्री विसरली म्हणून परत आला, मग पुन्हा बसला. दाढेवर पक्की कॅप बसवायला तो आला तेव्हाही गल्लीतल्या दिव्यांवरून वाद झाला, आणि सिस्टरांनी दोघांनाही गप्प करून आधी कॅप बसवून घेतली.

शेवटी शेड पाडून तिथे दोनच मजल्यांचं पार्किंग झालं, गल्लीत गाड्या लावायला बंदी आली आणि तलाव दुरुस्त झाला. पोहायची वेळ संध्याकाळची दोन तास कमी झाली, त्याबद्दल डॉक्टर आजही कुरकुर करतात. पार्किंग अपुरं पडतं, असं तोफ म्हणतो, आणि तेही खरं आहे.

ज्या दिवशी तलाव उघडला, त्या संध्याकाळी चॅनेलवर चर्चा होती, 'तलावाचं श्रेय कुणाचं?' डॉक्टरांच्या पक्षाचा नवा प्रवक्ता आणि तोफेच्या पक्षाच्या नव्या प्रवक्त्या एकमेकांवर तुटून पडले होते. आमच्यामुळे झाला! नाही, आमच्यामुळे! डॉक्टर, बायको आणि आई बघत होते. फोन वाजला.

"बघताय का?" तोफेनं विचारलं.

"बघतोय."

"तुमच्या त्या नव्या माणसाची वरची उजवी दाढ बघा. पार काळी झालीय. एवढा मोठा आ केलाय, की मला इथून दिसली."

डॉक्टर टीव्हीजवळ जाऊन वाकले. "दाढ नाही हो, तिच्या पुढचा दात आहे. पण किडलाय खरा. आणि तुमच्या बाईंच्या हिरड्या सुजल्यात."

"मग पाठवू का त्यांना?"

"पाठवा," डॉक्टर म्हणाले. "दोघांनाही पाठवा. उद्या दुपारी मी मोकळाच आहे."